बाई बोलते ती भूत झाल्यावरच?

गेल्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती. पैसे मोजून झाले, चिठ्ठी निघाली, साबुदाण्याचे वडे संपले आणि तरी घरी जायची घाई कुणालाच नव्हती. तेवढ्यात एक जण म्हणाली, "तुझ्या लेकाला मोबाईल टीव्हीला जोडता येतो ना गं? एखादा भुताचा लाव की!" आमचे हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "अकरा बायका घरात असताना आणखी भूत कशाला?" त्यांना काय उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही. पण संध्याकाळचा चहा त्यांनी स्वतःच करून घेतला.

लावला 'स्त्री'. २०१८ सालचा. बहुतेकींनी आधी पाहिलेला होता, पण एकटीने पाहणं वेगळं आणि अकरा जणींनी मिळून पाहणं वेगळं. राजकुमार राव तो शिंपी झालाय ना, नुसत्या नजरेने ब्लाऊजचं माप घेणारा, त्याच्यावर हसून हसून पुरेवाट झाली. मधेच दोन मिनिटं लाईट गेली, तेव्हा ज्या किंकाळ्या उठल्या त्या शेजारच्या गल्लीत ऐकू गेल्या म्हणे. माझ्या सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी सगळा चित्रपट गुमान पाहिला. सगळ्याजणी चपला घालत असताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं गं?"

"कुठल्या बाईचं?"

"त्या भुताचं. जिवंत होती तेव्हा काहीतरी नाव असेलच की तिला."

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. गावातल्या पुरुषांनी जिला लग्नाच्या रात्री नवऱ्यासकट मारून टाकलं, जिच्या नावाने गावभर भिंती रंगल्या, तिचं नाव चित्रपटात कुणी घेतच नाही. सगळे तिला नुसतं 'स्त्री' म्हणतात. एवढ्या वेळा पाहूनही ते आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. म्हणून म्हटलं, या वेळी या भुतांच्या, विनोदाच्या आणि रहस्याच्या चित्रपटांबद्दल थोडं मोकळेपणाने बोलू या. मी काही समीक्षक नाही. पण आपण हल्ली हे चित्रपट आवडीने पाहतो, पोरांबरोबर पाहतो. आमच्या गावातल्या दोन टॉकीज कधीच बंद पडल्या, एकीचं तर मंगल कार्यालय झालं. तरी २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमचा चौघी-पाच जणींचा गट जिल्ह्याच्या गावी जाऊन चित्रपट पाहून येतो. तर जे इतक्या हौसेने पाहतो, त्याबद्दल आपलं मत काय, हेही सांगायला हवं की नको?

आधी 'स्त्री'बद्दल. मला हा चित्रपट मनापासून आवडतो. चंदेरी नावाचं गाव (तेच ते मध्य प्रदेशातलं, साड्यांचं), वर्षातले ठरावीक चार दिवस एक भूत येतं आणि पुरुषांना उचलून नेतं. मागे उरतात फक्त कपडे. मग काय, रात्री बाहेर पडायची भीती पुरुषांना! ते दारं लावून घरात बसतात आणि एकेकटं फिरू नका, लवकर घरी या, कुणी हाक मारली तर मागे वळून बघू नका, असल्या सूचना त्यांना मिळतात. आपल्याला बाराव्या वर्षापासून पाठ असलेल्या सूचना या. त्या पुरुषांच्या तोंडून ऐकताना आम्हाला जे हसू फुटलं, ते नुसत्या विनोदाचं नव्हतं. दिग्दर्शक अमर कौशिक यांनी कुठेही भाषण न देता हे साधलंय. आणि भूत कसं, तर घराच्या भिंतीवर 'बाई, उद्या ये' असं लिहिलेलं असलं की ते वाचून परत जाणारं. कर्नाटकात 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' असं दारावर लिहायची अफवा मागे पसरली होती, तिच्यावरून हे सुचलं. भूत लिहिता-वाचता येणारं आहे आणि कुणावर जबरदस्ती करत नाही, आधी विचारतं, यावर चित्रपटात एक छान विनोद आहे. तो ऐकून आमच्यातली सगळ्यात गप्प असणारी मैत्रीण एवढंच म्हणाली, "भूतच बरं मग."

आपल्याकडची भुतंही बघा ना. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असेल, १९०९ साली अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळी घातली तो. या गृहस्थाला लोकसमजुतींची आवड होती. शाळामास्तरांकडून त्याने बरीच माहिती गोळा करवली होती आणि ती पुढे एंथोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने छापली. कोकणाचा भाग आला १९१५ मध्ये. त्यात कोकणातल्या भुतांची मोठी जंत्री आहे. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण किंवा हडळ होते. सवाष्ण गेलेली जखीण होते. विधवा गेली तर लावसट. आणि पुरुष? कुणी खवीस, कुणी पैशाला चिकटून राहिलेला समंध, कुणी वेताळाच्या फौजेतला. एक मुंज्या सोडला, तर पुरुषाच्या भुताला त्याचं लग्न झालं होतं की नव्हतं हे फारसं कुणी विचारत नाही. बाईचं भूत मात्र मेल्यावरही कुंकवावरून आणि बाळंतपणावरून ओळखायचं. मला तर वाटतं, जुन्या काळी किती बायका बाळंतपणात जात असतील, याची नोंद दुसरीकडे कुठे नसली तरी या हडळींच्या गोष्टींत आहे. प्रत्येक गावाच्या विहिरीवर एक हडळ होती, ती उगाच नव्हे.

आता थोडं घरचं सांगते. आजवर कधी लिहिलं नव्हतं.

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक बिऱ्हाड होतं. तिथल्या काकू दिसायला नाजूक, सासूपुढे मान वर करून बोलायच्या नाहीत. दुसरी मुलगी झाली आणि काही महिन्यांत त्यांचं काहीतरी बिनसलं. रात्री-अपरात्री उठून अंगणात बसायच्या. बाळ रडलं तरी जवळ घ्यायच्या नाहीत. मग अमावास्येला अंगात यायला लागलं. केस मोकळे सोडून घुमायच्या आणि ज्या सासूसमोर कधी 'ब्र' काढला नाही, तिला सगळ्या वाड्यासमोर 'ए म्हातारे' म्हणायच्या. "ए म्हातारे, माझ्या पाटल्या कुठं ठेवल्यास? माझ्या भावाची पत्रं का फाडलीस? बाळंतिणीला दूध का दिलं नाहीस?"

आम्ही पोरं जिन्यात बसून हे पाहायचो. खरं सांगते, आम्हाला भीती वाटायची आणि हसूही यायचं. 'ए म्हातारे' म्हटलं की आम्ही तोंडात फ्रॉकचं टोक कोंबून हसायचो.

मोठी माणसं विचारायची, "कोण आहेस तू? कुठल्या झाडावरची? काय पाहिजे तुला?" पाटल्यांचं काय झालं, पत्रं कुणी फाडली, हे कुणी विचारलं नाही. एकदा त्या भुताने सांगितलं, हिला माहेरी पाठवा. आणि काय आश्चर्य, पाठवलं की! जे मागायची काकूंची हिंमत झाली नसती आणि मागितलं असतं तर मिळालं नसतं, ते भुताला एका नारळावर मिळालं. पण माहेराहून आल्यावर पुन्हा तेच. मग एक देवऋषी आणला. त्याने दार लावून मिरच्यांची धुरी दिली, छडी वापरली. काकांनी काकूंचे दोन्ही हात धरून ठेवले होते. आतून जो आवाज यायचा, त्यावर आम्हाला हसू आलं नाही.

त्यानंतर भूत गेलं, असं सगळे म्हणाले. खरंच गेलं. काकू पुन्हा कधी घुमल्या नाहीत. बोलायच्याही नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि ते बिऱ्हाड गेलं. पाटल्यांचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

बाळंतपणानंतर काही बायकांच्या मनाला आजार होतो, तो औषधाने आणि नीट काळजी घेतल्याने बरा होतो, हे मला फार उशिरा, माझ्या स्वतःच्या बाळंतपणात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. त्या बोलत होत्या आणि मला सारखा तो जिना आठवत होता.

म्हणून २००७ चा 'भूल भुलैया' मी आजही या सगळ्या चित्रपटांच्या वर ठेवते. प्रियदर्शन यांनी तो १९९३ च्या 'मणिचित्रताळ' या मल्याळी चित्रपटावरून केला. मूळ चित्रपट मी फार नंतर पाहिला, खाली इंग्रजी अक्षरं वाचत वाचत, आणि थक्क झाले. त्यातल्या शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तो का मिळाला हे शेवटच्या पंधरा मिनिटांत कळतं. दोन्हींची गोष्ट साधारण एकच. जुना वाडा, बंद खोली, कधीकाळी मारल्या गेलेल्या नर्तकीची कहाणी आणि घरात होणारे विचित्र प्रकार. हे करतंय कोण? मल्याळी चित्रपटात सगळ्यांचा संशय कुणावर जातो ठाऊक आहे? पत्रिकेत मंगळ असलेल्या, संसार मोडून माहेरी परतलेल्या मुलीवर. घरच्यांचा तर जातोच, पण प्रेक्षक म्हणून आपलाही जातो. रहस्यपटात दिग्दर्शक आपल्याला चकवतो हे ठीक, पण आपण इतक्या सहज का चकलो, याचा विचार मी घरी येऊन केला. मंगळाची मुलगी दिसली की आपण तयारच असतो!

आणि खरी आजारी असते ती वेगळीच. हसरी, सुशिक्षित, सगळ्यांची लाडकी. नवरा चांगला आहे, पण कामात गर्क. तिला काय होतंय ते त्याच्या गावीही नाही. हिंदीत हे काम विद्या बालनने केलंय. यात भूत नाही, आजार आहे आणि त्यावर उपाय करायला डॉक्टर आलाय. मला विशेष आवडतं ते हे की, घरी बोलावलेले आचार्यही डॉक्टरच्या बाजूने उभे राहतात. ती भूमिका आपल्या विक्रम गोखल्यांनी केली होती. त्या बाईला कुणी छडी मारत नाही, धुरी देत नाही. ती जे बोलते ते ऐकून घेतलं जातं आणि ते ऐकूनच तिच्यावर उपाय शोधला जातो. उपाय थोडा नाटकी आहे, वैद्यकशास्त्राला पटेल असाही नाही, पण आमच्या काकूंचं कुणी इतकं ऐकलं असतं तर?

पुढे या यशाचं काय झालं बघा. २०२२ चा दुसरा 'भूल भुलैया' आला आणि त्यात चक्क खरं भूत! तब्बूने जुळ्या बहिणींचं काम झकास केलंय, कार्तिक आर्यनवर पोरी खूश, गल्ला भरला. पण ज्या चित्रपटाने भूत नाही म्हणून सांगितलं, त्याच्याच नावाने पंधरा वर्षांनी भूत परत आणलं, याचं मला वाईट वाटलं. २०२४ च्या दिवाळीतला तिसरा भाग विद्या आणि माधुरी एका पडद्यावर म्हणून हौसेने पाहिला. दोघींचा नाच डोळ्यांचं पारणं फेडतो. शेवटी एक वळण आहे, ते चांगलं आहे, सांगत नाही. पण तिथपर्यंत पोचेस्तोवर पाचकळ विनोदांनी माझ्या शेजारच्या बाईंना झोप लागली होती.

'मुंज्या' मात्र आपला. २०२४ च्या जूनमध्ये आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, गोष्ट कोकणातली, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी. काय सुरेख आजी उभी केलीय त्यांनी! नातवाला दटावणारी, पण एक गोष्ट पोटात दाबून बसलेली. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंज्या, पिंपळावर राहणारा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथला मुंज्या गोट्या. त्याचं मुन्नी नावाच्या, त्याच्याहून वयाने मोठ्या मुलीवर मन बसलेलं, आणि तिच्यासाठी तो स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघालेला. मेल्यावरही त्याचं एकच तुणतुणं, लग्न करायचंय.

पोरं खळखळून हसतात. मीही हसले. पण जरा थांबा. आपल्या गावात अशी मुलगी दाखवा, जिच्या मागे कधी एखादा मुंज्या लागला नाही. 'नाही' म्हटलं तरी कॉलेजच्या गेटवर उभा. नंबर बदलला तरी मेसेज. आणि घरचे म्हणणार, तू हसली असशील, तू बोलली असशील. कितीतरी मुलींचं शिक्षण याच पायी थांबलं आणि घाईने लग्न लावून दिलं गेलं. चित्रपटातही बघा, भूत नायकाच्या मानगुटीवर, त्रास नायकाला, धावाधाव नायकाची. जिच्याशी लग्न करायला ते भूत टपलंय, त्या बेलाला हे सगळं कळतं किती उशिरा! तिला आधीच विश्वासात घेतलं असतं तर चित्रपट तासाभरात संपला असता, असं माझी पुतणी म्हणाली. ती एकोणीस वर्षांची आहे. तिला कुणी विश्वासात घेतलं होतं का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हसू नको असेल आणि नुसतीच भीती हवी असेल, तर 'लपाछपी' पाहा. २०१७ चा मराठी, विशाल फुरिया यांचा. पुढे त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला, पण मला मराठीच जास्त लागला. पूजा सावंत आठ महिन्यांची गरोदर, नवऱ्याला देणेकऱ्यांचा तगादा, म्हणून दोघं उसाच्या फडात लपलेल्या एका घरात येतात. चारी बाजूंनी डोक्यावर जाणारा ऊस. वाट कुठली, दिशा कुठली कळत नाही. ज्यांनी फडाच्या कडेचं घर पाहिलंय त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि घरात उषा नाईक यांनी उभी केलेली तुळसाबाई. गोड बोलते, खाऊपिऊ घालते, काळजी घेते, आणि तरी अंगावर काटा येतो. भूत दिसायच्या कितीतरी आधी आपण घाबरलेलो असतो, कारण ही बाई आपण पाहिलेली असते. 'मुलगाच होणार बघ' असं म्हणत पोटाचा आकार न्याहाळणारी. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. हा चित्रपट त्या न जन्मलेल्या, न जगू दिलेल्या मुलींचा आहे. गरोदर बायकांनी पाहू नये म्हणतात. मी म्हणते, त्यांनी नसेल तर त्यांच्या सासरच्यांनी पाहावा.

'स्त्री'च्या दुसऱ्या भागाविषयी लिहायला मी जरा कचरतेय, कारण तो आमच्या गटात सगळ्यांना आवडला आणि मला निम्माच आवडला. या वेळी भूत आहे सरकटा, म्हणजे बिनमुंडक्याचा पुरुष, आणि तो उचलून नेतो नव्या विचारांच्या, आपल्या मनाने वागणाऱ्या मुलींना. कल्पना जबरदस्त! पंकज त्रिपाठी आणि मंडळी हसवतात. पण पाहुणे कलाकार फार, आणि ज्या चित्रपटाला मुलींच्या मोकळेपणाबद्दल बोलायचंय, त्यालाही गल्ल्यासाठी एक तसलं गाणं लागतंच. असो. मी सांगणार आहे ते दुसरंच. या चित्रपटाचे पहिले खेळ लागले १४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री. ९ ऑगस्टला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारलं होतं. त्याच १४ तारखेच्या रात्री बंगालमधल्या गावागावांत हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. रात्रही आमचीच आहे, असं म्हणत. इकडे थिएटरात लोक बिनमुंडक्याच्या भुताला पाहून ओरडत होते, तिकडे मुंडकं असलेल्या माणसांच्या भीतीने बायका मेणबत्त्या घेऊन चालत होत्या. मी दोन दिवसांनी चित्रपट पाहिला. पडद्यावर मुली नाहीशा होऊ लागल्यावर आमच्या रांगेतलं हसू थांबलं होतं.

आणि एक माहितीचं. भूत उतरवतो म्हणून कुणी बाईला दोरीने बांधलं, छडीने मारलं, मिरचीची धुरी दिली, केस ओढले, चटके दिले, तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. देवाला जाणं, वारी, उपासतापास, पूजाअर्चा याला तो कायदा हात लावत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण त्याबद्दल उगाच भीती घातली जाते. आपल्या आळीत असं काही चाललेलं कानावर आलं तर पोलिसांत कळवता येतं. आमच्या वाड्यात तेव्हा चौदा बिऱ्हाडं होती. कानावर सगळ्यांच्याच येत होतं.

आता शेवटी एक असा चित्रपट, ज्यात भूत नाही, पण रहस्य आहे, हसू आहे आणि बाई जिवंतपणीच बोलते. 'लापता लेडीज', किरण राव यांचा, मार्च २०२४ मधला. दोन नव्या नवऱ्या, एकाच डब्यात, दोघींच्या तोंडावर तसाच लाल पदर. नवरा उतरताना चुकीची बायको घेऊन उतरतो. ज्या मुलीला तो घरी आणतो ती नाव खोटं सांगते, लपूनछपून फोन करते, दागिने विकते. पोलीस इन्स्पेक्टर रवी किशन तिच्या मागावर. आपणही त्याच्याबरोबर संशय घेत राहतो, आणि शेवटी कळतं की तिचा गुन्हा एवढाच की तिला शेतीचं शिकायचंय. दुसरी मुलगी फूल, बिचारी स्टेशनावर हरवलेली. सासरच्या गावाचं नाव तिला धड आठवत नाही आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही शिकवण. तिला आधार देते फलाटावर चहा-पकोडे विकणारी मंजूमाई, म्हणजे आपली छाया कदम. कोण काम केलंय तिने! नवऱ्याला घराबाहेर काढून एकटीने राहणारी, तोंडाने फटकळ. अशी एक तरी बाई प्रत्येक एस.टी. स्टँडवर असते आणि तिच्याबद्दल लोक बरं बोलत नाहीत.

हा चित्रपट सासूबाईंनी दोनदा पाहिला. त्यात मुलाच्या आईचा एक छोटा प्रसंग आहे. नवी मुलगी कमळाच्या देठाच्या भाजीची तारीफ करते, आणि मग विषय निघतो की घरात कुणाला आवडत नाही म्हणून ती भाजी कितीतरी वर्षांत केलेलीच नाही. बायकांच्या आवडीचंही कुणी रांधतं का, अशा अर्थाचं ती हसत हसत म्हणते. सगळे हसतात. सासूबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी सहज विचारलं, "आई, तुम्हाला काय आवडतं हो? मनापासून?" लग्नाला माझ्या सव्वीस वर्षं झाली, तरी हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला सगळंच चालतं." मी म्हटलं, "चालतं नाही, आवडतं काय?" तर त्या काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, राग आला असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवाची फुलं आणायला परसात गेल्या होत्या. तिथूनच हाक मारून म्हणाल्या, "शेवग्याच्या फुलांची भाजी. चण्याची डाळ घालून. तुझ्या सासऱ्यांना वास सोसायचा नाही, म्हणून करत नव्हते."

मी बाहेर जाऊन पाहिलं. शेवग्याला शेंगा धरल्या होत्या. फुलं अगदी वरच्या फांदीवर, चार-दोन घोस राहिले होते. लेकाला शिडी लावायला सांगितली.